अनाथांचा बाप, विधवांचा कैवारी

आषाढी एकादशी जवळ आली, की या पानासाठी विठुरायाच्या माहात्म्यावर चार शब्द लिहून पाठवावेत, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. भीमातीर, पुंडलिकाची वीट, गरुडखांब, जनाबाईचे जाते, या वाटेने आमची लेखणी आपोआप चालते. यंदा मात्र आम्ही थोड्या आडवाटेने जाणार आहोत. ती वाट पॅलेस्टाइन देशातून, कोकणातील अलिबागेवरून आणि पुणे जिल्ह्यातील केडगावावरून फिरून पुन्हा आपल्या नागपुरातच येते. सुज्ञ वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच प्रार्थना.

या आडवाटेला कारण एक जुने ऋण. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चातुर्मासात नागपूरच्या महाल भागातील एका देवळात आमचे सात दिवस कीर्तन होते. आम्ही रामटेकचे, नागपूरची श्रोतृमंडळी आम्हांस घरच्यासारखी. चौथ्या दिवशी पूर्वरंगाला स्वधर्मनिष्ठेचा विषय घेतला होता. बोलण्याच्या भरात आम्ही पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. वेदशास्त्रसंपन्न पुराणिकाची कन्या, भागवत जिच्या जिव्हाग्री, ती परधर्मात गेली, विद्येला निष्ठेची जोड नसली म्हणजे असे होते, अशा अर्थाचे आम्ही काही बोललो. श्रोत्यांनी माना डोलावल्या. आम्हांस वाटले, रंग भरला.

आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. तेव्हा खांबाआड बसलेल्या एक वृद्ध बाई पुढे आल्या. डोईवरून पदर, कपाळ मोकळे. त्यांनी नमस्कार केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “बुवा, एक विचारू? त्या रमाबाईच्या आईच्या तिरडीला चौथा खांदा कोणी दिला, ते ठाऊक आहे का तुम्हाला?”

आम्हांस ठाऊक नव्हते. तसे आम्ही म्हणालो. त्या “बरं” म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

कीर्तनकारास निरुत्तर होण्याची सवय नसते. व्यासपीठावर उभा राहून बोलणाऱ्याला सहसा कोणी उलट विचारीत नाही. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पुढे ग्रंथालयातून रमाबाईंचे चरित्र मिळविले आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडले.

अनंतशास्त्री डोंगरे हे रमाबाईंचे वडील. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला. पश्चिम घाटातील गंगामूळ येथे अरण्यात त्यांनी आश्रम मांडला होता. १८५८ साली रमाबाईंचा जन्म तेथलाच. पुढे द्रव्य सरले. सारे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराण सांगत, मिळेल त्या शिध्यावर दिवस काढीत वर्षानुवर्षे पायी फिरले. १८७० नंतरच्या त्या दक्षिणेतील दुष्काळात पुराण ऐकून शिधा देणारे हात आखडले. भिक्षा मागण्याची सवय नाही, अंगमेहनतीचे काम शिकलेले नाही. १८७४ साली अनंतशास्त्री गेले. थोड्याच दिवसांत रायचूरला लक्ष्मीबाई उपासमारीने गेल्या. परगावी आलेल्या या कुटुंबाच्या जातीची खात्री कोणाला. प्रेत उचलायला कोणी येईना. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा मुलगा श्रीनिवास याचा. चौथा माणूस नव्हता. तेव्हा सोळा वर्षांच्या रमेने तो खांदा दिला. आणि ती उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिरडीची ती बाजू खांद्यावर न घेता डोक्यावर घेऊन स्मशानापर्यंत चालत गेली.

हे वाचले, तेव्हा आम्ही आमच्या महालातील पूर्वरंगाचे टिपण काढून पाहिले आणि ते फाडले.

आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढले लिहिणे अप्रामाणिक ठरेल. आमचे वडील आम्ही सहा वर्षांचे असताना वारले. दोन वर्षांनी मातोश्री. आम्हांस वाढविले ते आत्याने. ती बालविधवा. आम्ही तिला सोवळ्यातच पाहिली. एकभुक्त राहणारी, तांबड्या आलवणातली. आमच्या मुंजीचा सारा स्वयंपाक तिने केला. मातृभोजनाच्या वेळी मात्र आमच्या शेजारी दुसरीच कोणी सवाष्ण बसली आणि आत्या माजघराच्या दाराआड उभी राहिली. त्या वेळी आम्हांस ते विचित्र वाटले नाही. पुढे आम्हांस संस्कृत शिकण्यासाठी नागपुरास पाठवायचे, तर पैसे हवेत. घरात होते ते एक मोठे तांब्याचे घंगाळ. ते गावातील एका सावकाराकडे गहाण पडले. व्याज वाढत गेले. घंगाळ काही परत आले नाही. तो गृहस्थ मोठा भाविक. दर एकादशीस त्याच्या वाड्यात कीर्तन. आम्ही नावारूपास आलो, तेव्हा त्याने आम्हांसही बोलाविले. दोन वर्षे आम्ही तेथे उभे राहिलो. पाय धुण्यास अंगणात जावे, तर तेच घंगाळ समोर, काठावरच्या पोच्यासकट. आम्ही पाय धुतले, कीर्तन केले, बिदागी घेतली. आत्या घरी विचारी, “रंगलं का रे?” आम्ही म्हणत असू, रंगले.

असो. रमाबाईंचे चरित्र वाचता वाचता आम्ही त्यांच्या अखेरच्या कार्याशी येऊन थबकलो. या बाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि सबंध बायबलाचे मुळावरून मराठीत भाषांतर केले. संस्कृत पंडितांच्या घरात जन्मलेल्या स्त्रीने इब्री शास्त्रात असे काय पाहिले, या जिज्ञासेने आम्ही ते शास्त्र मराठीतून वाचावयास घेतले. खंडनासाठी वाचू लागलो, हे आज कबूल करावयास संकोच वाटत नाही.

ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, तेच यहुदी लोकांचे मूळ शास्त्र. त्यात कुलकथा, युद्धे, वंशावळी, यज्ञविधी पुष्कळ आहेत. काही भाग आपल्या मनास रुचणारे नाहीत, तेही आहेत. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि ती आली, की आपण सावरून बसतो. परदेशी, अनाथ आणि विधवा अशी ही तिघांची नावे बहुधा एकत्र येतात. इब्रीत ‘गेर’, ‘यातोम’, ‘अल्माना’. ‘यातोम’ म्हणजे ज्याचा बाप गेला तो; आई हयात असली तरी तो यातोमच. कारण त्या समाजात जमीन पुरुषाच्या नावे, पंचायतीत बोलणारा पुरुष, तेव्हा बाप गेला म्हणजे बोलणारे तोंड गेले. ‘अल्माना’ या शब्दाचा संबंध काही कोशकार मुकेपणाच्या धातूशी जोडतात. आपल्याकडे ‘अनाथ’ म्हणजे ज्यास नाथ नाही तो. आणि ‘विधवा’ हा शब्द तर केवढा प्राचीन! यास्काचार्यांनी निरुक्तात त्याच्या तीन-चार व्युत्पत्ती दिल्या आहेत; त्यांत ‘धव’ म्हणजे मनुष्य, त्याच्या वियोगाने विधवा, ही सर्वांस ठाऊक. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, गोष्ट उलटी आहे. ‘विधवा’ हा शब्द आधीचा, त्यातून ‘धव’ मागाहून काढला गेला. लॅटिनमधील ‘विदुआ’, इंग्रजीतील ‘विडो’ ही त्याच मूळ शब्दाची भावंडे. घरे वेगळी झाली, राने वेगळी झाली, पण हे दुःख दाखविणारा शब्द सगळ्यांनी बरोबर नेला.

आता त्या शास्त्रातील विधान पाहू. निर्गम नावाच्या ग्रंथात देव म्हणतो, की विधवेला किंवा पोरक्याला गांजू नका. गांजलेत आणि त्यांनी माझा धावा केला, तर तो मी ऐकणारच, आणि मग तुमच्या बायका विधवा होतील, तुमची मुले पोरकी होतील. आपल्या विठाईच्या मवाळ मुखातून अशी वाणी आम्ही ऐकलेली नाही. वाचताना अंगावर काटा आला. अनुवाद नावाच्या ग्रंथात विधान अधिक बारकाईने येते. विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नये. शेतात कापणी करताना पेंढी विसरली, तर आणण्यास मागे फिरू नये. ती परदेशी, पोरका आणि विधवा यांची. जैतुनाचे झाड एकदा झोडपले, की फांद्या पुन्हा चाचपू नयेत; द्राक्षमळा एकदा खुडला, की राहिलेले घड वेचू नयेत. तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दशमांश गावाच्या वेशीत ठेवावा. त्यांनी येऊन खावे, तृप्त व्हावे.

‘विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नये’ हे वाक्य वाचले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ते घंगाळ उभे राहिले, हे वेगळे सांगावयास नकोच.

आमच्यातील पंडित येथे गप्प बसला नाही. त्याने म्हटले, हे सारे आपल्याकडेही आहे. आहेच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजास आज्ञा आहे, की पोरक्या बालकाचे धन ते मोठे होईपर्यंत त्याने रक्षावे. विधवा आणि ज्यांना कुळाचा आधार नाही अशा स्त्रियांचेही रक्षावे. कौटिल्य म्हणतो, बाल, वृद्ध, व्याधिग्रस्त आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाने करावे. सूत कातण्याचे काम विधवांना द्यावे, अशीही त्याच्या अर्थशास्त्रात तरतूद आहे. परंतु नीट पाहता एक फरक जाणवतो. आपली आज्ञा बहुधा राजाला उद्देशून आहे. राजा गेला, की आज्ञाही अधांतरी. इब्री शास्त्राने ती प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर आणून ठेविली. पेंढी विसरणारा आणि ती तशीच राहू देणारा, दोघेही तोच कुणबी. आणि दुसरे असे, की आपल्याकडे पुढे निबंधग्रंथांनी विधवेच्या रक्षणापेक्षा तिच्या व्रतनियमांची चर्चा अधिक केली. हे लिहिताना आम्हांस सुख होत नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्यांच्याकडेही महायाजकाला विधवेशी विवाह वर्ज्य होता आणि निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिराने विवाह करावा, ही रूढी आपल्या नियोगाची जवळची नातेवाईक. कोणाचेच घर सर्वस्वी स्वच्छ नाही.

स्तोत्रसंहितेत, म्हणजे त्यांच्या भजनांच्या पोथीत, देवाला पोरक्यांचा बाप आणि विधवांचा न्यायकर्ता म्हटले आहे. एकाकी माणसाला तो घर देतो, असाही आशय लगेच पुढे येतो. आम्ही विठोबाला माउली म्हणतो. जनाबाई गंगाखेडची, लहानपणीच पोरकी होऊन नामदेवरायांच्या घरी आलेली. तिच्यासाठी देव जात्याच्या खुंट्याला हात लावतो, शेणी वेचतो. ज्ञानदेवादी भावंडे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर पोरकी झाली आणि शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली. आमच्या विदर्भातील माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तर स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. लहानपणीच दृष्टी गेली, चौथ्या वर्षी आई गेली, तेव्हा त्यांनी सहाशे वर्षांपूर्वीच्या सत्पुरुषाला बाप केले. आमच्या देवाचे पोरक्यांवरचे प्रेम असे आईचे आहे. तो शेजारी येऊन बसतो. इब्री देवाचे प्रेम बापाचे आहे; तो मुलाच्या वतीने पंचायतीत उभा राहतो आणि जमिनीचा कागद मागतो. तेथेही यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात मातेची उपमा येते, हे खरे. पण भर आहे तो न्यायावर. अनाथाला मांडी लागते, तसा वकीलही लागतो, हे आम्हांस तेथे उमगले.

याच यशयाचा आरंभीचा अध्याय सणासुदीच्या पानावर सांगावा की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. तेथे देव म्हणतो, तुमच्या पर्वण्यांचा, उत्सवांचा मला भार झाला आहे. तुमचा धूप नको, होम नकोत. तुम्ही हात जोडता तेव्हा मी डोळे झाकतो, कारण ते हात माखलेले आहेत. मग काय हवे? पोरक्याला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. घंगाळात पाय धुऊन आम्ही सावकाराच्या वाड्यात वीणा खांद्यावर घेतली, त्या एकादशीला पांडुरंगाने डोळे उघडे ठेवले होते काय, हे आम्ही सांगू शकत नाही.

आता अलिबागेकडे वळू. हे शास्त्र मराठीत कीर्तनरूपाने गायिले गेले आहे, हे आमच्या क्षेत्रातल्या कितीजणांना ठाऊक असेल? कोकणातील बेने इस्रायल लोक म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. त्यांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावे दिवेकर, केहीमकर, रोहेकर, पेणकर, भाषा आपलीच. १८८० च्या सुमारास मुंबईत या समाजातील काही उत्साही मंडळींनी आपल्या पूर्वजांची चरित्रे कीर्तनातून सांगण्यास प्रारंभ केला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले प्रमुख. तीच झांज, तीच पेटी, त्याच ओव्या, साक्या, दिंड्या, आर्या. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तरी हे कीर्तन पुरते विसरले गेलेले नाही.

मुंबईस कीर्तनासाठी गेलो असता या समाजातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस घरी नेले. त्यांच्याकडे त्या दिवशी मलिद्याचा विधी होता. पोहे, गूळ, खोबरे यांचा तो प्रसाद. एलीया संदेष्ट्याचे स्मरण करून तो वाटतात. अलिबागेजवळ खंडाळे येथे या एलीयाचे स्थान ते मानतात, तेथे नवस फेडावयास जातात. आम्ही विचारले, “इतके संदेष्टे असताना एलीयावरच एवढी भक्ती का?” तेव्हा त्यांनी विधवेची गोष्ट सांगितली. दुष्काळ पडलेला. एलीया परमुलखात सारफथ गावी येतो. वेशीपाशी एक विधवा काटक्या वेचते आहे. घरात मूठभर पीठ आणि बुडाशी तेल. त्याची एक भाकरी करायची, आपण आणि मुलाने खायची आणि मग मरणाची वाट पाहायची. एलीया म्हणतो, आधी मला दे. ती देते. आणि पाऊस पडेपर्यंत त्या मडक्यातले पीठ सरले नाही, बुधल्यातले तेल आटले नाही. आमच्या मनात द्रौपदीच्या थाळीचे पान आलेच. ती बाई त्यांच्या धर्माची नव्हती, हेही त्या गृहस्थांनी आवर्जून सांगितले.

मग ते म्हणाले, “बुवा, आम्ही तेली. आमची आवडती गोष्ट दुसरीच.” एलीयाचा शिष्य अलीशा. त्याच्याकडे एक विधवा रडत येते. नवरा देवभक्त होता, कर्ज ठेवून गेला. आता सावकार दोन्ही मुलांना गुलाम करून न्यायला निघाला आहे. घरात काय आहे? तेलाची एक कुपी. अलीशा सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी नको. दार लावून घे आणि ओतीत राहा. ती ओतते, भांड्यामागून भांडे भरते. मुलगा म्हणतो, आई, आता भांडे उरले नाही. तेव्हा तेल थांबते. ते विकून ती कर्ज फेडते, उरलेल्यावर मुलांसह जगते. “तेल देवाने दिले,” ते गृहस्थ म्हणाले, “पण किती मिळाले? शेजाऱ्यांनी भांडी दिली, तेवढेच.”

चाळीस वर्षे कीर्तन करून आम्हांस जे उत्तररंगात साधले नाही, ते या माणसाने मलिद्याचे ताट पुढे सरकवता सरकवता साधले.

शेतात राहिलेल्या पेंढ्या वेचून विधवा सासूला जगविणाऱ्या रूथ नावाच्या विधवा सुनेची कथाही त्याच शास्त्रात आहे. तीही परमुलखातली. ज्याच्या शेतात ती सरवा वेचते, त्या बवाजाशी तिचे पुढे लग्न होते आणि तिचा पणतू म्हणजे दावीद राजा. विधवेचा पुनर्विवाह झाला आणि त्या वंशात राजा जन्मला, ही गोष्ट यहुदी लोक त्यांच्या सुगीच्या सणाला देवळात वाचतात.

आता पुन्हा रमाबाईंकडे. आईमागून सहा वर्षांनी भाऊ गेला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत ते वारले. पदरी तान्ही मनोरमा. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी ही विदुषी पोरकीही होती आणि विधवाही. पुण्यातील न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले, त्यांनी आर्य महिला समाज काढला, हे विसरता येत नाही. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली तेथील विधवा मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते, या कारणावरून मोठे वादळ उठले; रानडे आणि भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. या वादात पुणेकरांची शंका सर्वस्वी निराधार होती, असे आम्हांस वाटत नाही. आश्रयाला आलेल्याच्या श्रद्धेला हात घालू नये, असे आमचे मत आजही आहे. पण त्या सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिने त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा शंका घेणाऱ्यांनी स्वतः किती भांडी पुढे केली, हाही हिशेब मांडावा लागतो.

त्याच १८९६–९७ चा दुष्काळ आपल्या मध्यप्रांतात पडला. त्या प्रांताची राजधानी हीच आपली नागपूर नगरी. रमाबाई मध्यप्रांतात आल्या. १८७४ ची भूक त्यांच्या स्मरणात होती. रस्त्याकडेला पडलेल्या, घरादारास मुकलेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला नेल्या. तेथे शेत, माग, छापखाना उभा राहिला. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी इब्रीतून उतरविलेले शास्त्र याच मुलींच्या हातांनी जुळविलेल्या खिळ्यांतून छापले गेले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे, म्हणून संस्कृताचा एवढा अधिकार असताना त्यांनी जाणूनबुजून साधी मराठी वापरली. आम्हांसारख्या समासप्रिय माणसाला ही गोष्ट लागली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. पोरक्यांच्या बापाविषयीचे स्तोत्र मराठीत लिहिताना त्यांना रायचूरची ती वाट आठवली असेल काय?

नागपुरास परत येऊ. १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने येथे मातृसेवा संघ काढला. कमलाताई बालविधवा. परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी परक्यांच्या बाळंतपणाला हात घातला. ज्या हातांनी कोणाच्या ओटीचे तांदूळ उचलायचे नाहीत असे समाजाने ठरविले होते, त्या हातांत नागपूरची बालके जन्मली. १९६१ साली शासनाने त्यांना पद्मश्री दिली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचा जन्म त्याच संस्थेतला असेल. सुवासिनींनी कमलाताईंच्या हातून बाळ घेताना मुहूर्त पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि अलीकडची एक गोष्ट. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात वझ्झर नावाचे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी उकिरड्यावर, फलाटावर टाकून दिलेली मतिमंद, अंध, मूकबधिर अशी शंभराहून अधिक लेकरे वाढविली. त्यांनी या मुलांना स्वतःचे आडनाव दिले. कागदावर वडिलांचे नाव लिहावयाच्या रकान्यात स्वतःचे नाव घातले. अठरा वर्षे पूर्ण झाली, की अनाथाने आश्रम सोडावा, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत आले. अशी मुले जावीत कोठे, हा त्यांचा प्रश्न. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूळचे परीट कुटुंबातले, गाडगेबाबांना गुरू मानणारे हे गृहस्थ; इब्री शास्त्र त्यांनी वाचले असेल-नसेल. पण बापाने पंचायतीत उभे राहणे म्हणजे काय, ते वझ्झरला पाहावे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांपुढे ठेविला. ठराव झाला, म्हणजे प्रथा गेली, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. आमच्याच कीर्तनात आजही कपाळ मोकळे असलेल्या बाया आपण होऊन खांबाआड बसतात. त्यांना तेथे कोणी बसविले, असे विचारले तर कोणी नाही म्हणतील.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिच्या तिरडीला खांदेकरी भरपूर होते. बुवांची आत्या म्हणून गाव लोटला होता. घंगाळवाले सावकारही होते.

यंदा आषाढ वद्य प्रतिपदेस धापेवाड्याच्या यात्रेत आमची सेवा आहे. पंढरीचा राया त्या दिवशी आपल्या विदर्भाच्या पंढरीस येतो, अशी आपली श्रद्धा. उत्तररंगास अलीशाचे आणि तेलाच्या कुपीचे आख्यान लावले आहे. साक्या आम्हीच जुळविल्या आहेत, बऱ्या उतरल्या आहेत. पूर्वरंगात रायचूरची हकीकत रमाबाईंचे नाव घेऊन सांगणार आहोत. कोणास ते रुचणार नाही, याची कल्पना आहे. महालातील त्या आजी हयात असल्या, तर आता नव्वदीच्या घरात असतील. त्यांचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नाही. त्यांच्या घरापैकी कोणाच्या वाचनात हे आले, तर त्यांना एवढे सांगावे, की चौथा खांदा कोणाचा, ते बुवांना कळले आहे; आणि येणे झाल्यास पुढे बसावे.